चित्ता कोणी संपवला?

(पावसाळी युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं पाड्यात बसून सगळ्यांना वाचून दाखवावं.)



आम्हांला बोलायला विषय दिला होता 'नाहीसे झालेले प्राणी'. विषय ऐकून काही साथी हसले. म्हणाले, नेवाडीच्या दंडाच्या पावत्या गोळा करायच्या राहिल्यात, म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे राहिलेत, नि तुम्ही शाळेतला धडा काय सांगत बसता? म्हणून आधी तेच सांगतो. हा विषय आपल्या नेवाडीशीच जोडलेला आहे.

आपल्या वनहक्काचं विधेयक १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत मांडलं. मग ते खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं २००६ च्या मे महिन्यात अहवाल दिला, चांगल्या सुधारणा सुचवल्या. तरी कायदा २००६ च्या डिसेंबरपर्यंत झाला नव्हता. का नव्हता झाला? कारण दिल्ली-मुंबईची काही शिकलेली माणसं पेपरात लिहायची, टीव्हीवर सांगायची, की आदिवासींना जंगलातली जमीन दिली तर जंगल संपेल आणि वाघ या देशातून कायमचा जाईल. एवढंच बोलून थांबत नसत. आजवर जी जनावरं गेली तीही आपणच संपवली, असं त्यांच्या बोलण्यात यायचं. मागे एका बैठकीत एका साहेबानं आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर सांगितलं, "तुम्ही लोकांनी सगळं मारून खाल्लं." म्हातारे गप्प बसले. साहेबाकडे आकडे होते, आपल्याकडे नव्हते.

तेव्हा आम्ही ठरवलं, की शोधायचं. तालुक्याच्या वाचनालयात बसलो, ओळखीच्या मास्तरांना विचारलं, जुनी पुस्तकं चाळली. कोणतं जनावर कधी गेलं, कोणाच्या हातून गेलं, हे वहीत लिहून काढलं. तेच आज सांगतो.

मराठीत एक शब्द आहे, नामशेष. म्हणजे फक्त नाव शेष राहिलं. जनावर गेलं, नाव उरलं. आपल्या देशातून असं गेलेलं एक मोठं जनावर म्हणजे चित्ता.

आता इथं घोटाळा नको. आपल्याकडे पुष्कळ जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. शेळी उचलून नेतो, झाडावर चढतो, तो बिबट्या. तो आहे अजून. चित्ता वेगळा. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी नक्षी असते, चित्त्याच्या अंगावर नुसते भरीव काळे ठिपके. पाय लांब, कंबर बारीक, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, काजळ ओघळल्यासारखी. तो दाट जंगलातला नाही, माळावरचा. दिवसाउजेडी पळून काळवीट धरायचा. जमिनीवर त्याच्याइतकं जोरात पळणारं दुसरं जनावर नाही.

हा चित्ता माणसाला सापडला की माणसाळायचा. तेच त्याला नडलं. राजे-बादशहांना त्याची हौस लागली. त्याच्या डोळ्यावर टोपी घालून, गाडीत बसवून माळावर न्यायचं, काळवीट दिसला की टोपी काढायची, तो धावून काळवीट पाडणार आणि राजा "वाहवा" म्हणणार. अकबर बादशहानं आयुष्यभरात ९ हजार चित्ते पाळले, असं त्याच्याच पोरानं, जहांगीरनं, लिहून ठेवलं आहे. ९ हजार! आणि गंमत अशी, की पिंजऱ्यात चित्ता सहजासहजी वीत नाही. जहांगीरच्या काळात एकदाच एका मादीला पिल्लं झाली, तर ते त्यानं नवल म्हणून लिहून ठेवलं. म्हणजे काय झालं? कोंबडी पाळली तर कोंबड्या वाढतात. चित्ता पाळला तर प्रत्येक नवीन चित्ता रानातूनच धरून आणावा लागायचा. हे शेकडो वर्षं चाललं. रानातून काढतच गेले, रानात परत काही गेलं नाही.

धरून कोण द्यायचं? पारधी द्यायचे. आपल्यासारखीच गरीब, रानावनात फिरणारी माणसं. त्यांच्यात चित्ता पारधी नावाची शाखाच आहे. चित्ता ज्या झाडापाशी येऊन खोडावर नखं घासतो ते झाड त्यांना माहीत असायचं, तिथं ते फासे लावायचे. मौज राजाची, फास लावायचं काम पारध्याचं. पुढे इंग्रजांनी याच पारध्यांना गुन्हेगार जमात ठरवलं. राजाला कोणी गुन्हेगार म्हणालं नाही.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरच्या दरबारात चित्ते होते, गुजरातेत भावनगरला होते. १९१८ च्या सुमारास इथले चित्ते इतके कमी झाले, की हे संस्थानिक आफ्रिकेतून जहाजानं चित्ते मागवायला लागले. आपल्या देशातलं जनावर संपत आलं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण शिकार थांबवावी असं वाटलं नाही, दुसरीकडून माल मागवावा असं वाटलं.

तिकडे माळाचं काय झालं तेही बघा. चित्त्याला गवताळ माळ लागतो आणि माळावर काळवीट लागतो. इंग्रजाच्या वहीत जंगल म्हणजे सागवान, जे विकून पैसा येतो. शेत म्हणजे ज्याचा सारा येतो. गवताच्या माळाचं काही येत नाही, म्हणून त्याला लिहिलं 'पडीक'. पडीक म्हटल्यावर तो नांगराखाली आणायला, कालव्याला, वसाहतीला द्यायला मोकळा. काळवीट बंदुकीनं गेले. चित्त्याचं घर गेलं, जेवण गेलं, आणि जो राहिला तो फाशात गेला.

आता शेवटची गोष्ट. साल १९४७. देश स्वतंत्र झाला ते साल. आजच्या छत्तीसगडात कोरिया नावाचं संस्थान होतं. सगळा आदिवासी मुलूख. तिथला महाराजा रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून चालला होता. मोटारीच्या उजेडात तीन चित्ते बसलेले दिसले, तिन्ही नर, बहुतेक एकाच आईचे. त्यानं गोळी घातली, एक पडला. दुसरी गोळी घातली, ती दुसऱ्यातून आरपार जाऊन मागच्या तिसऱ्याला लागली. दोन गोळ्यांत तीन. त्याचा फोटो आहे. आम्ही पुस्तकात बघितला. राजा बंदूक घेऊन उभा आहे आणि पुढे तीन चित्ते ओळीनं मांडलेत. आपल्या देशात चित्ता होता याचा शेवटचा पक्का पुरावा म्हणजे हा फोटो. १९५२ ला सरकारनं जाहीर केलं, की भारतातून चित्ता संपला.

साथींनो, त्या फोटोत एक पण आदिवासी नाही. मोटार आपली नव्हती, बंदूक आपली नव्हती, उजेड पण आपला नव्हता.

त्याच्याच शेजारी सुरगुजा संस्थान. तिथल्या महाराजानं एकट्यानं हजाराच्या वर वाघ मारले. एका माणसानं, एका आयुष्यात. आपल्या पाड्यात कोणाच्या आज्यानं एखादा वाघ मारला असेल, तर ती गोष्ट नातवापर्यंत सांगितली जाते, कारण तेवढा एकच मारलेला असतो.

खानदेशचं पण ऐका. १८२५ ला इंग्रजांनी आपल्या भिल्लांना काबूत आणायला खानदेश भिल्ल पलटण काढली. ती उभी करणारा साहेब जेम्स आउट्रम. शाळेच्या पुस्तकात तो भिल्लांना सुधारणारा म्हणून येतो. त्याच्या चरित्रात शिकारीचा हिशोब दिलेला आहे. १८२५ पासूनच्या दहाएक वर्षांत १९१ वाघ मारताना तो स्वतः हजर होता. हे सगळे याच सातपुड्यातले, तापीकाठचे, खानदेशातले वाघ. भिल्ल आणि वाघ, दोघांना काबूत आणायचं काम एकाच माणसानं एकाच वेळी केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं, की तुमच्या डोंगरात वाघ का नाही, तर हा आकडा सांगा.

आउट्रमसारखे तर शौकीन होते. पण इंग्रज सरकारनं नंतर बक्षीसच लावलं. वाघ मारा, बिबट्या मारा, लांडगा मारा, कातडं कचेरीत आणून दाखवा आणि पैसे घेऊन जा. चित्त्यावर पण बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांचा हिशोब अभ्यास करणाऱ्यांनी काढला आहे. ८० हजारांच्या वर वाघ, दीड लाखाच्या वर बिबटे आणि २ लाख लांडगे. हे सरकारी बक्षिसाच्या कागदावरून निघालेलं. साहेब लोकांनी, राजांनी मौजेसाठी मारले ते सगळे यात धरलेले नाहीत. बक्षीस घेणाऱ्यांत गरीब माणसं पण होती, आपली पण असतील. लपवायचं कारण नाही. पण बक्षीस कोणी लावलं, कशासाठी लावलं? शेतसारा वाढवायला जमीन मोकळी पाहिजे होती. त्या काळी वाघ मारला की सरकार शाबासकी देत होतं. आज त्याच सरकारी कागदाच्या पुढच्या पानावर लिहिलंय, की वाघ वाचवायला आदिवासी हटवा.

अशीच बक्षिसाची गोष्ट दूर ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया बेटावर झाली. तिथं एक जनावर होतं, कुत्र्यासारखं, पाठीवर वाघासारखे पट्टे आणि पोटाला कांगारूसारखी पिशवी. गोऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांना मारून, हाकलून जमीन घेतली आणि मेंढ्या पाळल्या. मेंढी मेली, की नाव या जनावराचं. १८८८ ते १९०९ सरकारनं बक्षीस दिलं, एका मोठ्या जनावराला एक पौंड. २ हजारांवर बक्षिसं वाटली. मग कमी झालं म्हणून संरक्षणाचा कायदा केला, तो जुलै १९३६ मध्ये. सप्टेंबर १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयातलं शेवटचं जनावर मेलं. कायदा आल्यावर दोन महिने पण जगलं नाही.

बंदूक न लावता पण जनावर जातं. मॉरिशस बेटावर डोडो नावाचा पक्षी होता. (हे तेच मॉरिशस, जिथं आपल्या कोकणातून माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेली.) डोडो उडत नव्हता, जमिनीवर अंडं घालायचा. १५९८ ला डच लोकांची जहाजं आली. खलाशांनी खाल्ले ते खाल्ले, पण जहाजातून उतरलेल्या डुकरांनी, उंदरांनी, माकडांनी अंडी संपवली. शंभर वर्षं पण लागली नाहीत.

अमेरिकेची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच लोकांची आहे. तिथल्या माळावर रानरेड्यासारखं मोठं केसाळ जनावर, बायसन, कोट्यवधी होतं. तिथले आदिवासी त्याच्यावर जगायचे. मांस खायचं, कातड्याचे तंबू करायचे, हाडाची हत्यारं. हजारो वर्षं मारून खाल्लं तरी ते संपलं नाही. मग रेल्वे आली, कातड्याचे व्यापारी आले. माळावर कातडं सोलून मांस तसंच कुजत टाकायचे. १८८० नंतरच्या काही वर्षांत कोट्यवधींतले हजारसुद्धा उरले नाहीत. सैन्याचे अधिकारी हे बघून खूश होते, कारण बायसन गेला की आदिवासी उपाशी पडणार आणि सरकारनं आखून दिलेल्या हद्दीत जाऊन बसणार. तसंच झालं. तो बायसन पुरता नामशेष झाला नाही, थोडे वाचवले, आता परत वाढलेत. पण त्याच देशात एक रानपारवा होता. थवा उडाला तर आभाळ झाकायचं, एवढी संख्या. तारेनं खबर जायची थवा कुठं उतरलाय, रेल्वेनं शिकारी जायचे, पिंपात भरून शहराच्या बाजारात पाठवायचे. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटी गावाच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

आम्ही हे सगळं शेजारी शेजारी मांडून पाहिलं. आपल्या गलोलीनं, तीरकामठ्यानं, सणाच्या शिकारीनं एखाद्या डोंगरातलं जनावर कमी होतं, हे खरं आहे. पण वहीत जी जनावरं लिहिली, ती जिथं संपली तिथं खाणारा तिथं राहणारा नव्हता. राजा मोटारीतून आला, कातड्याचा व्यापारी रेल्वेनं आला, मेंढीवाला बोटीनं आला. ज्याला उद्या त्याच डोंगरात राहायचं नाही, त्याला उद्याची फिकीर कशाला राहील?

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता कडक कायदे आहेत, अभयारण्यं आहेत. तर राजस्थानात सरिस्का बघा. व्याघ्र प्रकल्प. गार्ड, गाड्या, पैसा, सगळं होतं. २००५ ला तपासलं तर एक पण वाघ नव्हता. सगळे चोरट्या शिकारीत गेले, कातडी बाजारात गेली. आजूबाजूच्या गावांतल्या काही माणसांनी शिकाऱ्यांना साथ दिली असं तपासात निघालं. हे पण आपण सांगितलं पाहिजे. ज्या गावाचं चरणं बंद केलं, लाकूडफाटा बंद केला, त्या गावाला वाघाशी काय नातं उरलं? कोणी चार पैसे दिले तर तो वाट दाखवणारच. पंतप्रधानांनी यावर एक कृती दल नेमलं होतं. त्या दलानंही अहवालात हेच मांडलं, की जंगलात राहणाऱ्या लोकांना बाजूला सारून वाघ वाचणार नाही. हा अहवाल आपण केलेला नाही, सरकारनं नेमलेल्या माणसांनी केला आहे.

आता एक चांगली गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती मेलेल्यांची नावं घेतात.

रानपिंगळा. पिंगळा तर सगळ्यांना माहीत आहे, घराजवळ, वाडग्याजवळ बसतो. रानपिंगळा त्याच्यासारखाच, पण डोकं मोठं, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, चोच-पाय दणकट. आणि तो दिवसा फिरतो. सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर उन्हात बसलेला असतो, शेपटी हलवत. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या साहेबानं त्याचं नाव जगाला सांगितलं. मग खानदेशातल्या एका इंग्रज अंमलदारानं काही मारून, भुसा भरून विलायतेला पाठवले. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून सातच रानपिंगळे, सगळे भुसा भरलेले. पुस्तकात लिहिलं, बहुतेक नामशेष.

एक मोठा इंग्रज पक्षीतज्ज्ञ होता, कर्नल माइनर्ट्झहागेन. त्यानं सांगितलं, की मला १९१४ ला गुजरातेत मांडवीला सापडला होता. मग सगळे तिकडे शोधायला जायचे आणि हात हलवत परत यायचे. पुढे उघडकीला आलं, की त्यानं संग्रहालयातलाच जुना पक्षी चोरला, परत शिवला आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावली. कर्नल! त्याच्या शब्दावर लोक इतकी वर्षं भलत्या ठिकाणी हिंडले. आपला माणूस चार आंब्याची झाडं दाखवून म्हणतो, ही माझ्या बापानं लावली, तर त्याला म्हणतात पुरावा काय.

ही चोरी पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी शोधली. मग त्या खोट्या जागा सोडून त्या जुन्या खऱ्या जागांवर शोधायला आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, त्यांच्या सोबत्याला सकाळी झाडाच्या शेंड्यावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तळोदा, तोरणमाळ, तिकडे मेळघाट, सगळीकडे शोध घेतला तर अजून थोडे सापडले.

आता तुम्ही बघा, ११३ वर्षं हा पक्षी कुठं होता? इथंच होता. ज्या जंगलाला ते म्हणतात आदिवासींनी खाऊन टाकलं, त्याच जंगलात तो अंडी घालत होता, पिल्लं काढत होता. जुन्या सागाच्या, सादड्याच्या झाडाच्या ढोलीत तो राहतो. ठेकेदाराच्या कूपतोडीत जुनं झाड पडलं की त्याचं घर पडतं. आपल्या कुऱ्हाडीनं पडलं तरी पडतं.

आणि म्हणून आता आपल्या घरातलं थोडं. काही जण घुबड अशुभ म्हणून मारतात. काही जण त्याचं हाड, अंडं, डोळा जादूटोण्यासाठी मागतात. पूर्वी कोणी केलं असेल, आता ते बंद. जगात थोडे उरलेले रानपिंगळे आपल्या डोंगरात आहेत आणि एकेक गेला तर त्याचा हिशोब आपल्याच नावावर लिहिला जाणार आहे. दुसरं, आजकाल मोटारसायकलवर बाहेरची माणसं येतात, घोरपड आहे का, खवल्या मांजर आहे का, विचारतात, हजार-पाचशे दाखवतात. हे तेच कातड्याचे व्यापारी. त्यांना पाड्यात बसू देऊ नका. पोरांना पण सांगून ठेवा.

एक जनावर मात्र आपल्या डोळ्यांसमोर चाललंय आणि त्याच्यात आपण काही करू शकतो. गिधाड. आमच्या वयाच्या पोरांनी लहानपणी मेलेल्या बैलावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरलेली पाहिली आहेत. आता पोराला दाखवायला एक सापडत नाही. दहा-बारा वर्षांत शंभरातली पंचाण्णवच्या वर गेली, साऱ्या देशात. लोक म्हणायचे आभाळाचा रोग आहे, कोणी म्हणायचं देव कोपला. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण छापलं. गुराला ताप आला, सूज आली, की डॉक्टर एक इंजेक्शन द्यायचा, डायक्लोफेनॅक. माणसाला पण दुखण्यावर त्याच्या गोळ्या देतात. ते दिलेलं गुरू दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. मान खाली टाकून बसतं आणि मरतं. शंभर मेलेल्या ढोरांत एकात जरी हे औषध असलं तरी पुरतं, कारण एका ढोरावर सगळा थवा जेवतो. आणि गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, भरून कसं काढणार?

२००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बनवायला मनाई केली. पण तेव्हा दुकानात जुना माल होता, माणसाच्या औषधाची बाटली गुराला टोचायचे ते पण होतं. म्हणून गुरांचा डॉक्टर किंवा टोचणारा पाड्यात आला, तर आधी औषधाचं नाव विचारा. डायक्लोफेनॅक असेल तर नको म्हणा, मेलोक्सिकॅम द्या म्हणा. दोन्ही एकाच कामाचे. नाव लक्षात राहत नसेल तर या अंकाचं पान गोठ्याच्या कुडाला लावून ठेवा.

शेवटी कामाचं. संघटनेनं ठरवलं आहे, की नेवाडीच्या दाव्याच्या कागदांबरोबर प्रत्येक पाड्यानं एक जनावरांची वही करायची. म्हाताऱ्या बाया-माणसांना बसवून विचारायचं: तुमच्या लहानपणी इथं काय काय होतं? कुठल्या नाल्याला, कुठल्या टेकडीवर? वाघ शेवटी कधी पाहिला, कोणी मारला, कोणत्या साली ठेकेदाराचा कूप पडला, त्यानंतर काय दिसेनासं झालं? साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या वर्षी, कोणत्या दुष्काळात, तसं लिहायचं. आज काय आहे तेही लिहायचं, पक्षी धरून. वाघदेवाची जागा कुठं आहे, तिथली पूजा कोणत्या कुळाकडे, तिथलं झाड कोण तोडत नाही, हे सगळं. ही आपल्या जंगलाची आपण ठेवलेली नोंद आहे. आपली मागणी फक्त नेवाडीच्या तुकड्याची नाही, जंगल राखायच्या हक्काची पण आहे, आणि राखतो म्हणणाऱ्याला काय राखतो ते सांगता आलं पाहिजे.

बायांना जरूर विचारा. मोह, डिंक, भाजी गोळा करायला पहाटे रानात त्याच जातात. आमच्या वहीतली रानपिंगळ्याची पहिली जागा एका मावशीनंच सांगितली. जागेचं नाव इथं छापत नाही, चोरटे पण अंक वाचतात.

वही शंभर पानी घ्या, शाईच्या पेनानं लिहू नका, पावसात फुटतं. पुढची बैठक अमावस्येच्या बाजारानंतरच्या रविवारी. ज्या पाड्यात लिहिणारं कोणी नाही, त्यांनी आधी निरोप पाठवा, आमच्यातलं कोणीतरी येऊन बसेल.

जिंदाबाद!